चौथी प्रत कोणासाठी?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

छोट्या कारखान्यांचे आणि दुकानांचे हिशेब पाहणे हा माझा व्यवसाय. या कामात आकडे तर पाहावे लागतातच, पण त्याहून जास्त पाहायला मिळतात त्या माणसांच्या सवयी. त्यातलीच एक गोष्ट आज सांगतो.

२०२२ साल. वसईजवळ नळाचे पितळी सुटे भाग तयार करणारा एक कारखाना. वीस-बावीस माणसे. माल बहुतेक मुंबईला जायचा. कचेरीत एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिवसभर खडखडत असे आणि प्रत्येक बिलाच्या चार प्रती काढत असे. पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी टेम्पोवाल्याला, पिवळी कारखान्याच्या दप्तराला. आणि चौथी, हिरवी? ती बिलांचे काम पाहणारे अण्णा भोके पाडून फाइलीत लावून ठेवत. मी विचारले, "अण्णा, ही हिरवी प्रत कोणासाठी?" अण्णा म्हणाले, "साहेब, आपण पहिल्यापासून चारच काढतो." आणि पुन्हा कामाला लागले.

मालकांना विचारले. ते म्हणाले, "जीएसटीला लागत असेल." पण जीएसटीच्या नियमांत मालाच्या बिलाला तीनच प्रती सांगितल्या आहेत. एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक विकणाऱ्याची. शेवटी उलगडा केला तो टेम्पोच्या जुन्या ड्रायव्हरने. हिरवी प्रत दहिसर नाक्यासाठी होती! मुंबईत माल न्यायचा तर जकात भरावी लागे आणि त्यासाठी नाक्यावर बिल द्यावे लागे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगाही गेल्या. वसईच्या कचेरीतली हिरवी प्रत मात्र निघतच राहिली. गाडीबरोबर जायचे तिला कारण उरले नाही, म्हणून ती फाइलीत जाऊन बसू लागली.

मी सवयीने हिशेब मांडला. दिवसाला ४० बिले, वर्षाचे ३०० दिवस. म्हणजे वर्षाला १२ हजार आणि पाच वर्षांत ६० हजार कागद. एका फाइलीत ५०० धरले तरी १२० फायली. त्या ठेवायला एक लोखंडी कपाट मुद्दाम विकत घेतले होते. शिवाय अण्णांचा रोजचा पाऊण तास.

ऐकून हसू येते. पण आपल्या दुकानात, कचेरीत, कारखान्यात जरा डोकावून पाहा. अशी एखादी हिरवी प्रत तिथेही सापडेल. कोणी न वाचणारा साप्ताहिक अहवाल, कोणाच्याच कामी न येणारी सही, दर सोमवारी भरणारी आणि 'पुढच्या सोमवारी बघू' म्हणून संपणारी बैठक.

यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही सवय मूर्खपणातून सुरू झालेली नव्हती. जकात होती तेव्हा चौथी प्रत काढणे हेच शहाणपण होते. प्रत्येक सवय ही एके काळी कुठल्या तरी खऱ्या प्रश्नाचे उत्तर असते. पुढे प्रश्न निघून जातो आणि उत्तर मागे राहते. व्यवहारज्ञान म्हणतात ते एवढेच, की हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे होते हे शोधायचे आणि तो प्रश्न आज शिल्लक आहे का ते पाहायचे. इतकी साधी गोष्ट असूनही ती सहसा होत नाही. का होत नाही, हे आज पाहू.

वाफ गेली, दांडा राहिला

पहिले उदाहरण अमेरिकेतल्या कारखान्यांचे. वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. ते एक लांबलचक लोखंडी दांडा फिरवी. हा दांडा छताखालून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खालच्या एकेका यंत्रावर उतरत. सगळी मांडणी त्या दांड्याच्या सोयीची. ज्या यंत्राला जास्त जोर लागतो ते इंजिनाजवळ. दांडा फार लांब नको म्हणून इमारती मजल्यावर मजले चढवलेल्या. एकच यंत्र चालवायचे असले तरी सगळा दांडा फिरवावा लागे. वरून तेल ठिबके ते वेगळेच.

१८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. आता वाफेची सद्दी संपली, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १९०० साली अमेरिकेतल्या कारखान्यांची जेमतेम पाच टक्के यंत्रशक्ती विजेच्या मोटारींवर होती. आणि ज्यांनी मोटार आणली, त्यांतल्या पुष्कळांनी काय केले? वाफेचे इंजिन काढले, त्याच जागी एक मोठी मोटार बसवली आणि तिला तोच जुना दांडा जोडून दिला! पट्टे तेच, मजले तेच, ठिबकणारे तेलही तेच. फायदा झाला, पण थोडा.

खरा फायदा झाला तो कोणीतरी साधा प्रश्न विचारल्यावर. वाफेचे इंजिन छोटे करून प्रत्येक यंत्राला देता येत नव्हते, म्हणून दांडा होता. मोटार तर छोटी करता येते. मग दांडा हवाच कशाला? प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली. यंत्रे दांड्याच्या सोयीने नव्हे, तर कामाच्या क्रमाने मांडता आली. मजले गेले, एकमजली कारखाने आले, छतातून उजेड येऊ लागला. हे सगळे सार्वत्रिक व्हायला १९२० चे दशक उजाडले. म्हणजे वीज आल्यावर जवळपास चाळीस वर्षे. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये एका निबंधात हा इतिहास मांडला. तेव्हा कचेऱ्यांतून संगणक आले होते, पण त्यांचा फायदा आकडेवारीत दिसत नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की नवे यंत्र आणून भागत नाही, त्याच्याभोवतीची कामाची पद्धतही बदलावी लागते.

ते कारखानदार मूर्ख नव्हते, हेही सांगायला हवे. चांगली उभी इमारत आणि फिरता दांडा कोण मोडून टाकील? त्यात पैसा गुंतलेला होता. पण पैशाबरोबर विचारही तिथेच गुंतून पडला. आज आपण संगणकावर बिल करतो, त्याची छापील प्रत काढतो, ती भोके पाडून फाइलीत लावतो आणि पुन्हा वहीत नोंदवतो. हा आपल्या कचेरीतला दांडाच आहे.

प्रश्न बाहेरच्याला सुचतो

दुसरे उदाहरण जहाजांचे. शेकडो वर्षे जहाजात माल भरायची एकच रीत होती. पोती, पिंपे, खोकी, गासड्या एकेक करून गोदीत उतरवायच्या आणि एकेक करून जहाजाच्या पोटात रचायच्या. पलीकडच्या बंदरात पुन्हा तेच. कित्येक जहाजांचा जेवढा वेळ समुद्रात जाई, जवळपास तेवढाच धक्क्यावर उभे राहण्यात जाई. जहाजवाले जहाजाचा वेग वाढवण्याच्या मागे होते.

माल्कम मॅक्लीन हा जहाजवाला नव्हता. तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा ट्रकवाला. त्याचा प्रश्न ट्रकवाल्याचा होता. ट्रकमधला माल काढायचाच कशाला? ट्रकची पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' हे त्याचे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल जहाजात भरायला तेव्हा टनामागे सहा डॉलरच्या आसपास खर्च येई. मॅक्लीनच्या माणसांनी काढलेल्या हिशेबानुसार पेटीच्या पद्धतीने तो सोळा सेंटच्या आसपास आला. आज न्हावा शेवा बंदरात एकावर एक रचलेले जे रंगीबेरंगी कंटेनर दिसतात, ते त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

घरच्या माणसाला जे दिसत नाही, ते पाहुण्याला पहिल्याच दिवशी खटकते. म्हणून नव्याने कामाला लागलेल्या पोरगेल्या मुलाने "हे असे का?" विचारले, तर त्याला "तुला अजून कळायचंय" असे म्हणून गप्प करू नये. वर्षभराने तोही आपल्यासारखाच होईल आणि विचारायचा थांबेल.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ती पोती उचलणारी माणसे होती. अनेक देशांतल्या गोद्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामावर घरे चालत होती. पेटी आली आणि त्यांचे काम गेले. ज्या प्रश्नाने जगाचा व्यापार स्वस्त केला, त्याच प्रश्नाने त्यांची चूल विझवली. मग त्यांनी त्या प्रश्नाचे स्वागत का करावे?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याचे एक उत्तर शोधले गेले. गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांनी १९६० मध्ये मालकांशी करार केला. कामगार यंत्रांना अडवणार नाहीत. त्या बदल्यात मालकांनी होणाऱ्या बचतीतला वाटा द्यायचा, नोंदणीकृत कामगारांना उत्पन्नाची हमी द्यायची आणि लवकर निवृत्त होणाऱ्याला पैसे द्यायचे. या करारावर कामगारांमधूनही टीका झाली, पुढे भांडणेही झाली. पण प्रश्नाची किंमत कोणी मोजायची, हा मुद्दा त्यात टेबलावर आला.

पाच वेळा 'का?'

जपानच्या टोयोटा कारखान्यातली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत आता व्यवस्थापनाच्या वर्गांतून सगळीकडे शिकवतात. तिचे पुरस्कर्ते ताइइची ओनो यांनी दिलेले उदाहरण असे. यंत्र बंद पडले. का? जादा भार आला आणि फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला वंगण पुरेसे नव्हते. का नव्हते? वंगणाचा पंप नीट चालत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. पहिल्याच 'का'ला थांबलो, तर आपण फ्यूज बदलून मोकळे होतो आणि आठ दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडते. पाचव्या 'का'पर्यंत गेलो, तर एक गाळणी बसवून काम होते.

पद्धत सोपी आहे. मग ती आपल्याकडच्या कारखान्यांत भिंतीवर तक्ता होऊन का राहते? कारण पाचवे 'का' बहुधा कोणाच्या तरी चुकीपाशी किंवा कोणाच्या तरी नोकरीपाशी जाऊन थांबते. तिथे माणूस तोंड मिटतो. टोयोटाच्या इतिहासात १९५० चा मोठा संप आहे. कंपनी बुडायच्या बेतात होती, शेकडो कामगारांना जावे लागले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही राजीनामा दिला. जे राहिले त्यांना मात्र नोकरीची शाश्वती मिळाली. साखळीवरचा साधा कामगार दोरी ओढून काम थांबवतो आणि "इथे चुकते आहे" म्हणतो, ते याच पायावर. दोरी ओढल्यावर आपल्याच गळ्याला फास बसणार असेल, तर कोण ओढील?

मोडण्याआधी विचारा

आता उलट बाजू. जुने ते सगळे टाकाऊ, असेही नाही. माझ्या ओळखीच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा व्यवस्थापन शिकून आला. आल्या आल्या त्याने वडिलांची उधारीची वही बंद केली आणि 'उधार बंद'ची पाटी लावली. त्याचा हिशेब चूक नव्हता, कारण काही खाती तीन-तीन वर्षे थकलेली होती. पण तीन महिन्यांत धंदा बसला. गिऱ्हाइके होती रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, महिन्याला पगार होणारे कामगार. ती समोरच्या दुकानात गेली. वडील म्हणाले, "अरे, उधारी म्हणजे धर्मादाय नव्हे. वहीत नाव असलेला माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही."

म्हणजे उधारीमागचा प्रश्न जिवंत होता. लोकांना भूक रोज लागते आणि पैसा महिन्याने येतो. मेला होता तो वसुलीचा भाग. वडिलांना तोंडावर मागायला संकोच वाटे. बापलेकांनी मग वही पुन्हा उघडली. प्रत्येक घराला मर्यादा ठरवली आणि महिन्याच्या पाच तारखेला बाकीचा आकडा मोबाइलवर पाठवायला सुरुवात केली. लोक यूपीआयने पैसे भरू लागले. सवय सगळी टाकायची नव्हती, तिचा मेलेला भाग तेवढा कापायचा होता.

लोक नव्या गोष्टीला नकार देतात तेव्हा ते अडाणीच असतात, असेही समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. विषाची समजूत खोटी होती. पण लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी मोडला तर कोणाकडे न्यायचा? हा प्रश्न खोटा नव्हता. नवे आणणाऱ्याने जुन्याची सोयही समजून घ्यावी लागते, ती अशी. लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे नांगर गावोगाव पोचले.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. खटकणारी सवय दिसली, की चार गोष्टी विचाराव्यात. हे कधी सुरू झाले? तेव्हा अडचण कोणती होती? ती आज आहे का? आणि हे आठ दिवस बंद ठेवले तर कोण तक्रार करील? कोणीच केली नाही, तर उत्तर मिळाले. मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत हा प्रयोग करू नये. बॉयलर रोज तपासणाऱ्याला वर्षभर काही सापडत नाही, म्हणून तपासणी निरुपयोगी ठरत नाही. ती होते म्हणूनच बॉयलर सुरक्षित असतो.

अण्णांचे उत्तर

आता पुन्हा वसईला जाऊ. उलगडा झाल्यावर मालक हसले आणि म्हणाले, "उद्यापासून हिरवी बंद." अण्णा काही बोलले नाहीत. दुपारी चहाला आम्ही दोघेच होतो. मी म्हटले, "अण्णा, तुम्हाला खरेच माहीत नव्हते?"

अण्णांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "साहेब, नाका बंद झाला हे मला कळलं नसेल का? त्या आधी ती प्रत नाक्यासाठी मीच तर काढत होतो. पण आता हे काम नाही, असं मी म्हणालो असतो, तर उद्या मालक म्हणाले असते, मग अण्णांचं तरी काय काम? माझं वय अठ्ठावन्न आहे."

पाच वर्षे, ६० हजार कागद, एक लोखंडी कपाट. हे सगळे अज्ञानाने झाले नव्हते, भीतीने झाले होते. कारखान्यातल्या सगळ्यात निरुपयोगी कामाची सगळ्यात पक्की माहिती ते काम करणाऱ्यालाच होती. आणि ती सांगणे त्यालाच परवडणारे नव्हते.

मी मालकांशी बोललो. त्यांनी अण्णांना बोलावून सर्वांसमक्ष सांगितले, की प्रत बंद होईल, पण अण्णा इथेच राहतील. मोकळ्या झालेल्या वेळात थकलेल्या बिलांची चौकशी त्यांनी करायची. वीस वर्षे सगळ्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोललेला माणूस तो. त्याच्याइतके त्या कामाला योग्य कोण होते? दोन महिन्यांनी गेलो, तर अण्णांनी स्वतःहून एक चिठ्ठी पुढे केली. फाटकावरची नोंदवही, गोदामाची वही आणि संगणक, तिन्हीकडे तेच आकडे लिहिले जातात, तर दोन का बंद करू नयेत? चिठ्ठीत अशा पाच गोष्टी होत्या. त्यांतल्या चार बरोबर निघाल्या.

आपल्या मराठीत अभय देणे असा एक शब्दप्रयोग आहे. राजा आधी अभय देतो आणि मग प्रजाजन खरे बोलतो. धंद्यातही तसेच आहे. जुन्या सवयींना प्रश्न विचारायला फार मोठी अक्कल लागत नाही. ती अण्णांकडे होती, टेम्पोच्या ड्रायव्हरकडे होती, तुमच्या दुकानातल्या नोकराकडेही आहे. लागते ते अभय, आणि ते द्यायचे काम मालकाचे.

उद्या सोमवार. कामावर गेलात की आपल्या जुन्यात जुन्या माणसाजवळ बसा. चहा मागवा. आधी त्याला सांगा, की तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. आणि मगच विचारा, "आपल्याकडे चौथी प्रत कोणती?"